थायरॉईड कमी निघालं, गोळी सुरू झाली. पहिले महिने तुम्ही कसे काढलेत?

सांजधारा

मंडळी, गेल्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) ४२.६, म्हणजे खूपच वाढलेलं, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) खालच्या मर्यादेच्याही खाली, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज) भरपूर वाढलेलं. वय ३८, वजन ६४ किलो, दुसरा कुठलाही आजार नाही. डॉक्टरांनी हाशिमोटो (शरीराची संरक्षण यंत्रणाच थायरॉईडवर हल्ला करते तो आजार) असं नाव सांगितलं आणि थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, रोज एक, अनशापोटी, असं लिहून दिलं. आज पाचवा दिवस.

आता मागे वळून पाहिलं की सगळं ओळीने दिसतं. कंगव्यात केसांचा पुंजका. बोटात रुतणारी अंगठी. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, मी त्यावर पेन्सिल फिरवायचे आणि कामाला लागायचे. घरात सगळ्यांना पंखा हवा असायचा तेव्हा मी मोजे घालून बसलेली. आधी ज्यांच्याकडे जात होते त्यांनी दोनदा "ताण घेऊ नका, झोप पूर्ण करा" एवढंच सांगून परत पाठवलं. झोप तर मी दहा-दहा तास काढत होते, आणि उठताना अंग दगडासारखं.

या वेळच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबती ठेवून बसायला सांगितलं. टाचेच्या वरच्या शिरेवर छोटा हातोडा मारला. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत जागेवर यायला त्याने चक्क वेळ घेतला. मलाही ते जाणवलं. "हे सावकाश सैल होतंय ना, यावरून मला थायरॉईडची शंका येतेय," असं म्हणून त्यांनी तपासणी लिहून दिली.

आता माझ्या मनातलं. ही गोळी आयुष्यभर, हे ऐकल्यापासून पोटात खड्डा पडलाय. पाच दिवसांत काहीच फरक नाही, हे बरोबर आहे का? वाचनात वजनाच्या हिशोबाने डोस १०० च्या आसपास निघतो असं आलं, मग मला अर्धाच का? आणि सकाळी गोळी, मग तासभर काही नाही, हे तुम्ही रोज कसं जमवता? ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी कृपया लिहा.

---

बकुळ

सांजधारा, आधी एक दीर्घ श्वास घे. मला १४ वर्षं झाली गोळी चालू होऊन. तुझा धागा वाचताना मी त्या पहिल्या आठवड्यात जाऊन आले.

"आयुष्यभर" या शब्दाने मीही रडले होते. मला सावरलं ते एका साध्या गोष्टीने. या गोळीत जे आहे ते परकं औषध नाही. आपली अवटू, म्हणजे थायरॉईड, ग्रंथी जे संप्रेरक बनवते, तंतोतंत तेच. ग्रंथी थकली म्हणून आपण ते बाहेरून भरतो. चष्मा लावणारी माणसं रोज सकाळी चष्मा शोधताना "आयुष्यभर" असं म्हणत नाहीत. मी पहिल्या वर्षी हे स्वतःला रोज सांगायचे, दुसऱ्या वर्षापासून सांगावं लागलं नाही.

पाच दिवसांत फरक नाही हे अगदी बरोबर. मला तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं, तेही गमतीशीर ठिकाणी. जिना चढून वर आले आणि लक्षात आलं की मधे थांबले नाही.

---

दवाबिंदू

मी फिजिशियन आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही आणि डोसही सांगणार नाही, पण यामागचं काम कसं चालतं ते सांगतो. पहिले दोन महिने माणूस घाबरतो ते बहुतेक वेळा हे कुणी न सांगितल्यामुळे.

थायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं असतं. म्हणजे आज घेतलेल्या गोळीतला निम्मा भाग आठवड्यानंतरही अंगात असतो. रोजच्या गोळीवर नवी गोळी साचत जाते आणि रक्तातली पातळी एका जागी स्थिरावायला पाच ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर मेंदूखालची पियुषिका ग्रंथी ती पातळी ओळखून टीएसएच खाली आणते. टीएसएच म्हणजे पियुषिकेने थायरॉईडला दिलेली हाक. उत्तर येत नाही तोवर ती हाक मोठी करत जाते. तुमचा ४२ हा आकडा म्हणजे तिचं ओरडणं आहे. ओरडणाऱ्याला शांत व्हायला वेळ लागतो. म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. दोन आठवड्यांत घाईने रक्त देऊन आकडा वर दिसला म्हणून डोस वाढवून घेतला, की दोन महिन्यांनी छातीत धडधड घेऊन माणूस परत येतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

डोसबद्दल. किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम हा पूर्ण भरपाईचा हिशोब खरा आहे, ६४ किलोला १०० च्या आसपास. तरुण आणि हृदय निरोगी असलेल्या माणसाला काही डॉक्टर सरळ तिथून सुरू करतात, काही ५० वरून पायरीने चढतात. दोन्ही रीती मान्य आहेत. शिवाय हाशिमोटोमध्ये ग्रंथी पूर्ण बंद पडलेली असतेच असं नाही, थोडंफार स्वतःचं उत्पादन शिल्लक असतं, त्यामुळे सगळ्यांना हिशोबाइतका डोस लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनी अर्धा दिला म्हणजे त्यांनी कमी लेखलं असं नव्हे. पहिली पायरी आहे ती.

आणि त्यांनी हातोडा मारून घोट्याचा प्रतिक्षेप पाहिला याचं मला मनापासून बरं वाटलं. ही जुनी, बिनखर्चाची तपासणी आता फार कमी जण करतात.

---

एकटा_पांथस्थ

आईसाठी लिहितो. वय ७१, हृदयाला त्रास आहे. तिला १२.५ वर सुरू केलं, म्हणजे २५ ची गोळी अर्धी करून. मला तेव्हा वाटलं एवढ्याशाने काय होणार. डॉक्टरांनी समजावलं की थायरॉईड कमी असताना हृदय सावकाश चाललेलं असतं, एकदम संप्रेरक वाढवलं तर त्याची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही. दर काही आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत पाच महिन्यांत ५० पर्यंत आलो.

तिच्या गोळ्यांच्या यादीत रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिनही होतं. थायरॉईडची पातळी सुधारत जाते तसा वॉरफरिनचा परिणाम वाढतो, म्हणून त्याची तपासणी आठवड्याला करावी लागली आणि त्याचा डोस कमी झाला. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नसतं तर मोठी चूक झाली असती. घरात वयस्कर माणसाला गोळी सुरू होत असेल तर बाकीची सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

---

खडीसाखर

मी माझी चूक लिहिते, कारण ती चूक करणाऱ्या मी एकटी नाही.

आठ महिने गोळी नेमाने घेतली. टीएसएच २ वर आला. केस थांबले, आवाज परत आला, पोट साफ व्हायला लागलं. मग मनात आलं, आता बरी झाले की. नॉर्मल रिपोर्टचा कागद समोर होता. गोळी बंद केली. पहिले दोन-तीन आठवडे काहीही झालं नाही, त्यामुळे माझा विश्वास आणखी पक्का झाला. आता वर दवाबिंदूंनी अर्धायुष्य समजावलं तेव्हा कळलं, अंगात साठलेलं संपत होतं तेवढे दिवस मला बरं वाटत होतं. चौथ्या महिन्यात मी बसल्या जागी झोपायला लागले. टीएसएच ६० च्या वर. परत पहिल्यापासून.

रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. हे वाक्य मी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलंय.

---

सांजधारा

सगळ्यांचे आभार. दवाबिंदू, तुम्ही समजावलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं म्हणत होता. आता कॅलेंडरवर सातव्या आठवड्याच्या सोमवारी खूण केली आहे.

वेळेचं मात्र अजून जमत नाही. मी गोळी घेते, मग चहा ठेवते, आणि चहा उकळेपर्यंत विसरून एक घोट घेतलाच जातो. याने खरंच इतका फरक पडतो का?

---

बकुळ

पडतो, पण घाबरण्याइतका नाही. रोज तसंच होत असेल तर डोस त्या हिशोबाने बसेल, पण एक दिवस लगेच चहा, एक दिवस तासाभराने, असं झालं की आकडा वरखाली होत राहतो आणि मग दोष गोळीला. पाण्याबरोबर घे, निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याखेरीज काही नको. कॉफीने आणि दुधाने शोषण कमी होतं हे तर नक्की.

माझी युक्ती सांगते. गोळी उशाशी, पाण्याचा छोटा तांब्या उशाशी. पाच वाजता पाणी प्यायला नाहीतरी जाग येते, तेव्हाच घेते आणि परत झोपते. सहाला उठेपर्यंत तास झालेला. गोळी इतकी छोटी असते की अंधारात बोटांतून निसटते, म्हणून मी रात्रीच एक गोळी पट्टीतून काढून छोट्या झाकणाच्या डबीत ठेवते. डबी सकाळी रिकामी असेल तर घेतली, भरलेली असेल तर राहिली. "घेतली का नाही घेतली" हा रोजचा प्रश्न त्या डबीने संपवला. फक्त पूर्ण महिन्याच्या गोळ्या पट्टीतून काढून ठेवू नकोस, उजेड, उष्णता आणि दमट हवा या गोळीला मानवत नाही. बाथरूममधल्या कपाटात तर अजिबात नको.

---

रातराणी_७

ज्यांची सकाळ धावपळीची आहे त्यांनी डॉक्टरांना रात्रीचं विचारा. माझी शिफ्टची नोकरी आहे, सकाळ नावाची गोष्टच ठरलेली नसते. मी झोपताना घेते, शेवटचं खाणं होऊन तीन तास उलटल्यावर. चालतं. अट एकच, रात्री काहीतरी तोंडात टाकायची सवय सोडावी लागते.

---

दवाबिंदू

रातराणींना अनुमोदन. सकाळ की रात्र यापेक्षा रोज एकच वेळ आणि रिकामं पोट हे महत्त्वाचं.

चहापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची. थायरॉईड कमी असलेल्या बायकांमध्ये पाळीत जास्त रक्त जाणं आणि त्यातून अशक्तपणा हे नेहमीचं, म्हणजे लोहाची गोळी बहुतेक वेळा बरोबर येतेच. आणि ती सोयीचं म्हणून थायरॉक्सिनसोबतच घेतली जाते. दोन्ही पोटात एकमेकींना बांधून टाकतात. चार तासांचं अंतर ठेवा. आम्लपित्ताच्या काही औषधांचंही तसंच, आणि आम्ल कमी करणाऱ्या रोजच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. सोयाचे पदार्थ भरपूर खाण्यात असतील तर तेही सांगा, बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा म्हणजे झालं.

दुसरं बायोटिन. केस गळतात म्हणून लोक केस-नखांच्या गोळ्या सुरू करतात, त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असतं. ते थायरॉईड बिघडवत नाही, पण रक्त तपासण्याची जी पद्धत अनेक मशीनमध्ये असते तिला फसवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसू शकतो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा, मोठा डोस असेल तर किती दिवस आधी ते विचारून घ्या, आणि लॅबमध्ये सांगा.

---

अबोलीची_वेणी

बायोटिनचं माझ्या बाबतीत घडलंय! टीएसएच ०.१ आला आणि एका ठिकाणी माझा डोस थेट निम्मा केला. मला तर थंडी वाजत होती, मलावरोध होता, म्हणजे सगळी कमी असल्याचीच लक्षणं. दोन महिने तशीच ओढले. शेवटी दुसरीकडे गेले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "केसांसाठी काही घेता का?" आठवडाभर बंद करून पुन्हा रक्त दिलं तर टीएसएच १४. त्या दोन महिन्यांचा मला अजूनही राग येतो. आकडा आणि माणूस एकमेकांशी जुळत नसतील तर कुणीतरी माणसाला विचारायला हवं होतं.

---

निळा_पतंग

ताई, एक सुचवू का? माझ्या ओळखीत एकांनी समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि आयोडीनचे थेंब घेऊन गोळी पूर्ण सोडली. मुळावर घाव घालायचा असेल तर हे करून बघायला काय हरकत आहे?

---

दवाबिंदू

निळा पतंग, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आयोडीन कमी पडल्यामुळे थायरॉईड मंदावलेलं असेल तर आयोडीन हा उपाय. गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन घालतात ते त्यासाठीच. पण सांजधारा यांना हाशिमोटो आहे. इथे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा ग्रंथीवर हल्ला करते आहे, कच्चा माल कमी नाहीये, कारखान्याचीच पडझड झालीय. अशा ग्रंथीवर जादा आयोडीन ओतलं तर ती आणखी मंदावू शकते. शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन किती ते दर गोळीला वेगळं, त्यामुळे किती पोटात गेलं हेही कळत नाही.

गोळी सुटलेली माणसं असतात, हे खरं. बाळंतपणानंतर काही महिने थायरॉईड खाली जातं आणि अनेकींचं आपोआप सावरतं. विषाणूच्या संसर्गानंतर ग्रंथीला सूज येऊन तात्पुरतं कमी होतं. लिथियम किंवा अमिओडॅरोनसारख्या औषधांमुळे होतं तेव्हा कारण वेगळं असतं. तुमच्या ओळखीच्यांचं यातलं काही असू शकेल. पण टीएसएच ४० च्या पुढे, टी४ कमी आणि अँटीबॉडीज भरपूर, या चित्रात गोळी सोडून प्रयोग करणं धोक्याचं आहे.

---

निळा_पतंग

हा फरक मला माहीत नव्हता. सूचना मागे घेतो. त्या ओळखीच्यांनाही हे पाठवतो.

---

जुनी_वही

इतिहासाची आवड म्हणून थोडं. हाशिमोटो हे नाव हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाचं. त्यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा आजार जर्मन नियतकालिकात मांडला.

पण मला जास्त जवळची वाटते ती १८९१ मधली गोष्ट. जॉर्ज मरे नावाच्या इंग्लंडमधल्या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. बाई सुजलेल्या, मंदावलेल्या, बोलणं जड झालेलं. काही महिन्यांत त्या हिंडू-फिरू लागल्या. त्या पुढे २८ वर्षं जगल्या, ७४ व्या वर्षी गेल्या, आणि तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. त्याआधी या आजारावर काही उपायच नव्हता. १९१४ च्या २५ डिसेंबरला एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. तेव्हा आयुष्यभराची गोळी म्हणून वाईट वाटलं तर त्या बाईंची आठवण काढा. माझी बहीण ही गोळी घेते, तिला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गोळीकडे बघत बसली होती.

---

रानजाई

मला लग्नाआधीपासून हायपो, म्हणजे थायरॉईड कमी, आहे आणि आता मुलगी तीन वर्षांची. ज्यांना बाळाचा विचार आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण इथे उशीर चालत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून आधीपासूनच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवायला सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं की चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, मग अपॉइंटमेंट घ्या. मी तो कागद पाकिटात घेऊन फिरत होते. नंतर निम्मे महिने सरेपर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त. बाळंतपण झाल्यावर डोस पुन्हा पूर्वीचा आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

ओकाऱ्यांच्या दिवसांत गोळी टिकत नव्हती, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीची वेळ धरली. गोळी गरोदरपणात सुरक्षित आहे का, असं मला चार जणांनी विचारलं. धोका गोळी सोडण्यात आहे.

---

सांजधारा (सातवा आठवडा)

रिपोर्ट आला. टीएसएच ११.८. टी४ आता मर्यादेच्या आत, पण खालच्या टोकाला. डॉक्टरांनी ७५ केलं.

काय बदललं ते लिहिते. अंगठी फिरते. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला नसतो. मोजे काढले. काय बदललं नाही: केस. उलट पाचव्या आठवड्यात जास्त गळले आणि मी दोन रात्री नीट झोपले नाही. वजनही फक्त दोन किलो उतरलं, मला वाटलं होतं सात-आठ तरी जातील.

---

बकुळ

केसांना सगळ्यात उशिरा कळतं गं. आज गळणारा केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुळापासून सुटलेला असतो. मला सहावा महिना उजाडला, मग कपाळाजवळ बारीक नवे केस उभे राहिलेले दिसले. रोज मोजू नकोस.

---

दवाबिंदू

वजनाबद्दल सरळ सांगतो, कारण यावरून फार माणसं निराश होतात आणि काही जण स्वतःच डोस वाढवतात. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलोंच्या घरातलं असतं आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. ते उतरतं. त्यापलीकडचं वजन नेहमीच्या वाटेनेच उतरवावं लागतं. बारीक होण्यासाठी जास्त थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडांतलं बळ कमी होतं, पाळी गेलेल्या बायकांमध्ये तर विशेष. धडधड, हातांना कंप, झोप उडणं, विनाकारण घाम, हे जाणवलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. छातीत दुखलं तर वाट पाहू नका.

कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं का तुमचं? थायरॉईड सुधारलं की तेही बऱ्याचदा खाली येतं, म्हणून त्याची वेगळी गोळी सुरू करण्याआधी पुन्हा तपासून घ्यायला हरकत नाही.

---

सांजधारा

हो, वाढलेलं होतं. विचारते.

---

स्वरगंगा

मी गाते म्हणून गळ्याचं लिहिते. माझं निदान आवाजावरून झालं. वरचे स्वर लागेनासे झाले, आवाजाला खरखर आली, रियाज वाढवला तर आणखी बसला. तीन महिने मी स्वतःला आळशी समजून बोल लावत होते. गोळी सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात तार षड्ज परत लागला. ज्यांचं काम आवाजाचं आहे, शिक्षक, निवेदक, त्यांनी बसलेला आवाज महिनोन्महिने फक्त घशाच्या औषधांवर काढू नये.

---

कोवळं_ऊन

माझा प्रश्न जरा वेगळा. वडील ७८ वर्षांचे, टीएसएच ६.४, टी४ अगदी नॉर्मल, त्रास काही नाही. इथले अनुभव वाचून वाटतं त्यांनाही लगेच गोळी सुरू करावी. पण डॉक्टर म्हणतात थांबू, तीन महिन्यांनी परत बघू. हलगर्जीपणा तर नाही ना?

---

दवाबिंदू

हलगर्जीपणा नाही, विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो. टी४ नॉर्मल आणि टीएसएच थोडा वाढलेला, याला सबक्लिनिकल म्हणतात. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या मोठ्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या अशा माणसांना गोळी देऊन लक्षणांत आणि थकव्यात फरक पडला नाही. एका आकड्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, पुन्हा तपासावं. १० च्या वर गेला, किंवा गरोदरपण असेल, तर विचार बदलतो. सांजधारा यांची गोष्ट वेगळी, त्यांचा टी४ घसरलेला होता.

---

सांजधारा (पाचवा महिना)

बऱ्याच दिवसांनी लिहिते. मधे ७५ वर टीएसएच ५.१ पर्यंत आला होता, मग डॉक्टरांनी एक दिवस ७५ आणि एक दिवस १०० असं दिलं. घोळ होईल असं वाटलं होतं, म्हणून कॅलेंडरवर दिवसाआड लाल टिंब काढलं, लाल म्हणजे १००. काल रिपोर्ट आला, टीएसएच २.३. हाच डोस चालू ठेवायचा, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. कोलेस्टेरॉलही गोळीशिवाय खाली आलंय.

मधे एकदा दुकानात माझ्या कंपनीची गोळी नव्हती, दुसरी दिली. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण आता यावरच राहा आणि सहा आठवड्यांनी तपासू. सारखी कंपनी बदलत राहू नका.

काल त्यांनी परत खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितलं. हातोडा मारला. पाऊल खाली गेलं आणि कळायच्या आत परत वर. आम्ही दोघी एकदमच "हं" म्हणालो.

---

वाटसरू_नवी

हा धागा एका दमात वाचला. माझा रिपोर्ट कालच आला, टीएसएच २८. उद्यापासून ५० ची गोळी. एक विचारू का? कधी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

---

सांजधारा

ये गं. माझी दोनदा राहिली होती. त्याच दिवशी पोट रिकामं असताना आठवली तर तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवलं तर काय करायचं हे तुझ्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घे. मला दोन एकदम चालतील असं सांगितलं, कारण माझं हृदय चांगलं आहे, पण एकटा_पांथस्थ यांच्या आईंना तसं सांगितलं नसतं. बकुळने लिहिलेली डबी आजच आण. आणि सातव्या आठवड्याच्या तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घे, आधी नको, नाहीतर टी४ थोडा चढलेला दिसतो. रिपोर्ट आला की इथेच लिही, मी बघत राहीन.